कंपनांचा भार कोणाच्या पाठीवर?

वाहतुकीच्या प्रगतीचा आढावा घेताना रस्त्यांची लांबी, गाड्यांची संख्या आणि प्रवासाचा वेग या गोष्टी आवर्जून मोजल्या जातात. गाडीच्या तळातून वर चढणारे आणि चालकाच्या पाठीच्या कण्यात मुरणारे हादरे मात्र या हिशेबात सहसा येत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याची किंमत ठरत नाही आणि ज्याची किंमत ठरत नाही ते टाळण्यासाठी कोणी पैसा खर्च करीत नाही, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. विजेने नियंत्रित होणाऱ्या द्रवाचे कंपशामक हा विषय वरकरणी यंत्रशास्त्राच्या प्रयोगशाळेतला वाटतो. परंतु त्याच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात अभियंत्याइतकेच अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हे साधन कसे घडवावे, याच्या आधी ते कोणासाठी घडवावे हा प्रश्न सोडवावा लागतो. भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे पहिले उत्तर बस, मालमोटार आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचे आसन हेच असले पाहिजे.

तडजोड आणि तिचा तोडगा

साध्या शॉक ॲब्सॉर्बरची रचना बहुतेकांना ठाऊक असते. तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्यातील बारीक छिद्रांतून तेलाला वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हेलकावे मंदावतात. स्प्रिंग किंवा पाटे धक्का झेलतात खरे, पण झेललेली ऊर्जा ते परत करतात. ती जिरवण्याचे काम शामकाचे. अडचण अशी की, छिद्रांचे माप कारखान्यात एकदा ठरले की कायमचे ठरते. छिद्रे मोठी ठेवली तर बारीक थरथर वर पोचत नाही, पण खोल खड्डा आला की आसन तळाला आपटते. छिद्रे लहान ठेवली तर आपटणे टळते, पण रस्त्यावरची खडी न् खडी अंगाला जाणवते. आखणी करणारा या दोहोंमध्ये कोठेतरी तडजोड करतो आणि चालक ती तडजोड नोकरीभर भोगतो.

विद्युत्-नियंत्रित शामकात हीच तडजोड सोडवलेली आहे. त्याच्या आज सर्वांत यशस्वी ठरलेल्या प्रकारात तेलामध्ये लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी मिसळलेली असते. कणांचा आकार साधारणतः १ ते १० मायक्रॉन आणि घनफळातील त्यांचा वाटा २० ते ४० टक्के असतो. दट्ट्यातच तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. वीज नसताना हा द्रव पातळ असतो. वेटोळ्यात वीज सोडताच चुंबकक्षेत्र निर्माण होते आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून साखळ्या धरतात. शाळेत कागदाखाली लोहचुंबक धरला की वरचा लोखंडाचा कीस जसा रांगा धरून उभा राहतो, तसाच हा प्रकार. या साखळ्या मोडल्याखेरीज द्रवाला फटीतून पुढे सरकता येत नाही. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत घडते आणि वीज थांबली की द्रव पूर्ववत पातळ होतो. छिद्राचे माप न बदलता नुसत्या विजेच्या कमीअधिक मानाने तोच शामक घडीभरात मऊ आणि घडीभरात कठीण करता येतो.

येथे एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. हा शामक कोणत्याही वस्तूला ढकलत नाही. ती हलू लागली की किती विरोध करायचा एवढेच तो ठरवतो. यंत्रशास्त्रात या पद्धतीला अर्धसक्रिय नियंत्रण म्हणतात. त्यामुळे अफाट बळाचे नियंत्रण अगदी थोड्या विजेवर होते. अमेरिकेत नोटर डेम विद्यापीठ आणि लॉर्ड कंपनी यांच्या सहकार्याने इमारतींसाठी २० टनांचा शामक तयार झाला. त्याला सुमारे ५० वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका घरगुती दिव्याइतकी वीज पुरते. शिवाय वीज गेली तरी तो निकामी होत नाही, साधा मऊ शामक म्हणून काम करीत राहतो.

पन्नास वर्षांची प्रतीक्षा

इतके उपयुक्त साधन नवे असेल असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकन संशोधक विलिस विन्स्लो यांनी विद्युत्क्षेत्राने घट्ट होणाऱ्या द्रवाचे एकस्व १९४७ साली मिळवले. चुंबकक्षेत्राने घट्ट होणारा द्रव जेकब रॅबिनाउ यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत १९४८ साली दाखवून दिला. त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. तिची बांधणी लाकडी आणि आसने काथ्याची होती. म्हणजे एस. टी.चे आणि या द्रवाचे वय एकच. परंतु हा द्रव चालकाच्या आसनाखाली पोचायला पुढे पन्नास वर्षे लागली आणि तेही अमेरिकेत.

हा विलंब का झाला? द्रव होता, वेटोळे होते, दट्ट्या होता. नव्हती ती क्षणोक्षणी हादरा मोजून पुढच्या क्षणाची वीज ठरवणारी यंत्रणा. १९७४ साली डीन कार्नॉप व त्यांचे सहकारी यांनी अर्धसक्रिय नियंत्रणाचा पाया घातला. आसन जणू आकाशाला बांधलेल्या शामकाने तोलून धरले आहे अशी कल्पना करायची आणि खालचा खरा शामक शक्य तितका त्या काल्पनिक शामकासारखा वागवायचा, हे त्यांचे सूत्र. कागदावर ते बिनतोड होते. व्यवहारात उतरण्यासाठी मात्र त्याला स्वस्त संवेदक आणि स्वस्त गणकाची वाट पाहावी लागली. अर्थशास्त्रात पूरक वस्तू म्हणतात त्या याच. शोधाची खरी किंमत पुष्कळदा शोधाच्या अंगी नसते. त्याच्या पूरक वस्तू केव्हा स्वस्त होतात, यावर ती अवलंबून असते. आज मोटारीतील सुरक्षा-पिशवीमुळे आणि मोबाइल फोनमुळे हालचाल मोजणारा संवेदक अत्यंत स्वस्त झाला आहे. १९४८ साली जे अशक्य आणि १९९८ साली जे महाग होते, ते आज तसे राहिलेले नाही.

आखणीतले अर्थकारण

विन्स्लो यांचा विद्युत द्रव आणि रॅबिनाउ यांचा चुंबकी द्रव यांच्या स्पर्धेचा इतिहासही बोधप्रद आहे. कित्येक दशके संशोधकांचे लक्ष विद्युत द्रवाकडे अधिक होते. त्याला वेटोळे लागत नाही, वीजही नाममात्र लागते. पण मिलिमीटरभर फटीसाठी त्याला काही हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो आणि एवढे करून त्याची रोधशक्ती २ ते ५ किलोपास्कलच्या घरात राहते. चुंबकी द्रव ५० ते १०० किलोपास्कलपर्यंत जातो आणि तेही मोटारीच्या बॅटरीतल्या १२ व्होल्टवर. लागणाऱ्या द्रवाचे घनफळ रोधशक्तीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे इतर बाबी समान असता रोधशक्ती वीसपट झाली की द्रव चारशेव्या हिश्शाने पुरतो. आसनाखालच्या शामकाला म्हणूनच अर्धा-पाऊण कप द्रव पुरे होतो. एकट्या द्रवाची किंमत पाहिली तर चुंबकी द्रव महाग वाटेल. द्रव, वीजपुरवठा, आकारमान आणि सुरक्षितता या सर्वांचा एकत्र हिशेब केला की तोच स्वस्त ठरतो.

आखणीचा दुसरा पेच दट्ट्याभोवतीच्या फटीचा. ही फट सामान्यतः अर्ध्या ते दोन मिलिमीटरची असते. ती निम्मी केली तर विजेने मिळणारा रोध सुमारे दुपटीने वाढतो. पण वीज नसतानाचा, केवळ द्रवाच्या चिकटपणामुळे होणारा नकोसा रोध आठपटींनी वाढतो. लाभ दुप्पट आणि तोटा आठपट अशा स्थितीत अधिक शक्तीच्या मोहाला कोठे आवर घालायचा, हे आसनावर बसणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. इमारतीला भूकंपाच्या काही क्षणांसाठी प्रचंड रोध हवा असतो. चालकाला दिवसभराच्या बारीक थरथरीपासून सुटका हवी असते आणि खड्ड्याच्या क्षणीच आधार हवा असतो. तेव्हा आखणी करणाऱ्याला पहिली रेघ ओढण्यापूर्वीच आपला लाभार्थी निवडावा लागतो.

लाभार्थींची निवड

प्रत्यक्षात ही निवड कशी झाली? वाहनांच्या क्षेत्रात चुंबकी द्रवाचा पहिला मोठा व्यापारी उपयोग १९९८ च्या सुमारास अमेरिकेतील जड मालमोटारींच्या चालकासनात झाला. तेथे चालक मिळेनासे झाले की मालकाला आसन सुधारावे लागते. म्हणजे श्रमाची टंचाई श्रमिकाच्या बाजूने बोलते. २००२ साली डेल्फी कंपनीने विकसित केलेली अशीच योजना जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक सेव्हिल या आलिशान गाडीत आली आणि त्यानंतर फेरारी, आउडी यांच्यासारख्या गाड्यांतून तिचा प्रसार झाला. २००२ मध्येच चीनच्या हुनान प्रांतातील डोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबलांना पाऊसवाऱ्याच्या थरथरीपासून वाचवण्यासाठी असे शामक बसले. टोकियोतील विज्ञान-संग्रहालयाच्या इमारतीत ते त्याच्या आदल्याच वर्षी बसले होते.

आपल्याकडे या साधनाची चर्चा निघाली की बहुधा भूकंपाचे नाव पुढे होते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हे साहजिक वाटेल. परंतु किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळून. तशा घरांना हवा होता आडवा बांधपट्टा आणि हलके छप्पर. चुंबकी शामकाचा तेथे काहीच उपयोग नव्हता. उंच मनोरे आणि मोठे पूल यांना त्याचा उपयोग आहे आणि त्यांचे मालक तो खर्च करू शकतात. मात्र त्यांच्या गरजेला सामान्य जनांच्या सुरक्षिततेचे नाव देऊन सार्वजनिक निधी मागणे योग्य होणार नाही.

नवलाईच्या मोहाविरुद्धही सावध राहिले पाहिजे. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी डोलू लागल्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला. त्याचा उपाय काही विद्युत्-नियंत्रित नव्हता. साधे द्रव-शामक आणि वजनाचे शामक बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. जेथे हादऱ्याचे स्वरूप फारसे बदलत नाही, तेथे साधा शामक पुरतो. जेथे ते मिनिटामिनिटाला बदलते, तेथेच नियंत्रित शामकाचे मोल आहे. डांबरी सडक, गतिरोधक, खड्डे आणि कच्चा रस्ता एकाच फेरीत पार करणारी खेड्यापाड्यांची बस हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

वेळ मोजली, हादरा नाही

बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. दीर्घकाळ अशा कंपनांत काम करणाऱ्यांत कंबरदुखीचे आणि कण्याच्या विकारांचे प्रमाण अधिक आढळते, हे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. अंगाला बसणारी कंपने मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ सालीच प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २००२ साली त्यावरून दैनंदिन मर्यादा घातल्या. आठ तासांच्या हिशेबाने कंपनाचा त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाला की मालकाने उपाय योजायचे आणि १.१५ च्या पलीकडे कामगाराला जाऊ द्यायचे नाही, असा तो दंडक आहे.

भारतात १९६१ साली केलेल्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तो कायदा आपल्या काळात पुरोगामीच होता. पण त्याने कामाची वेळ मोजली, त्या वेळेत अंगावर काय कोसळते ते मोजले नाही. आठ तास गुळगुळीत महामार्गावर आणि आठ तास खडबडीत रस्त्यावर, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच.

याचा आर्थिक परिणाम उघड आहे. गाडी खरेदी करणारी संस्था सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारते. चांगल्या आसनाचा जादा खर्च निविदेत लगेच दिसतो. वाईट आसनाचा खर्च मात्र चालकाच्या औषधपाण्यात, बिनपगारी रजेत आणि मुदतीआधी सोडाव्या लागणाऱ्या नोकरीत विखुरलेला असतो. तो खर्च नाहीसा झालेला नसतो, एका खातेवहीतून दुसऱ्या घरात गेलेला असतो. भाडेतत्त्वावर गाड्या घेण्याची पद्धत वाढू लागल्यावर तर आसन एकाचे, चालक दुसऱ्याचा आणि सेवा तिसऱ्याची अशी स्थिती संभवते. अशा वेळी हा खर्च आपला मानायला कोणीच तयार होत नाही. बाजारपेठ आपण होऊन ही चूक सुधारील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

नियमाने बाजारपेठ घडवता येते, याचे उदाहरण मात्र ताजे आहे. मध्यम व जड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन असावे, असा नियम केंद्र सरकारने २०२३ साली अधिसूचित केला आणि २०२५ मध्ये तो नव्या गाड्यांना लागू झाला. चालकाच्या अंगाला लागणाऱ्या उन्हाची दखल घेता येते, तर त्याच अंगाला बसणाऱ्या हादऱ्याची का घेऊ नये?

काय करता येईल

पहिले पाऊल मोजमापाचे. प्रत्येक आगाराने निवडक मार्गांवर चालकाच्या आसनावरील कंपने मोजून जाहीर करावीत. संवेदक स्वस्त झाल्यामुळे याला फारसा खर्च नाही. दुसरे पाऊल निविदेचे. आसनाची अट ‘आरामदायी असावे’ अशा मोघम शब्दांत न घालता, ठरावीक मार्गावर ठरावीक मर्यादेपलीकडे कंपन जाऊ नये, अशी आकड्यांत घालावी. ती मर्यादा साध्या शामकाने आणि हवेच्या स्प्रिंगने पाळली जात असेल तर उत्तमच. जेथे ती पाळली जात नाही, तेथे नियंत्रित शामकाला आपोआप मागणी निर्माण होईल.

तिसरे पाऊल देशी आखणीचे. या शामकाचे दोषही लहान नाहीत. लोखंड तेलाच्या आठपटींहून जड असल्याने गाडी उभी राहिली की कण तळाशी बसू लागतात. दीर्घ वापराने द्रव दाट होत जातो. कण कठीण असल्याने दट्ट्याच्या सळईचे आणि सीलचे घर्षण होते. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणि धूळ यांत हे दोष वाढण्याचाच संभव अधिक. कणांवर लेप देणे, तेलात योग्य द्रव्ये मिसळणे, सीलचा पदार्थ बदलणे यांसारख्या उपायांना चिकाटीचे, काहीसे कंटाळवाणे संशोधन लागते. तयार शामक विकत आणून संगणकावर त्याचे आलेख काढल्याने ते होणार नाही. एस. टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांनी गाड्यांची बांधणी स्वतः केली आहे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपले प्रकल्प या कार्यशाळांशी जोडले आणि आसनाखालच्या एकाच आटोपशीर शामकावर लक्ष केंद्रित केले, तर विद्यार्थ्यांना खरा प्रश्न आणि कार्यशाळेला खरे उत्तर मिळू शकेल. ट्रॅक्टरनिर्मितीत अग्रेसर असलेल्या देशात अशा शामकाला पुढे केवढा वाव आहे, हे वेगळे सांगायला नको.

रस्तेच नीट करावेत, मग शामक कशाला, असा आक्षेप येईल. रस्ते नीट व्हायलाच हवेत. तथापि शेत हा रस्ता नव्हे. तेथे ट्रॅक्टर हादरणारच. आणि सर्व रस्ते सुधारेपर्यंत चालकांच्या आणखी एका पिढीने आपली पाठ गहाण ठेवावी, असे म्हणण्याचा अधिकार मागच्या आसनावर बसणाऱ्यांना नाही. प्रवाशाचा हादरा तासा-दोन तासांचा असतो, चालकाचा तीस वर्षांचा. ज्या शोधाचे वय एस. टी.इतके आहे, तो एस. टी.च्या चालकापर्यंत पोचण्याच्या आड आज विज्ञान उभे नाही. खरेदीच्या कागदावर चालकाच्या पाठीसाठी एक रकाना काढलेला नाही, तो काढावा लागेल.